वाया गेलेल्या प्रयत्नांचा हिशेब

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. समजा, त्याच वर्षी यमाईच्या डोंगराखाली आजच्या घडीचं एक बिटकॉइन-यंत्र सुरू केलं असतं. सेकंदाला ११० टेराहॅशचं, म्हणजे सेकंदाला ११० लाख कोटी प्रयत्न करणारं. आणि जगभरच्या सगळ्या यंत्रांचा एकत्रित जोर पहिल्या दिवसापासून २०२५च्या मध्याइतका, सेकंदाला सुमारे ९०० एक्झाहॅश, धरला असता. रात्रंदिवस न थांबता चाललेल्या त्या यंत्राला आजवर सरासरीनं एक ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक गठ्ठा, सापडला असता. दीडशेहून अधिक वर्षांत एक. तोही सरासरीनं. एवढ्या काळात एकही न सापडण्याची शक्यता ३७ टक्के उरतेच.

हेच यंत्र २०२५च्या मध्यात एखाद्या पूलला, म्हणजे मिळून खाणकाम करणाऱ्यांच्या गटाला, जोडलं असतं, तर एका दिवसरात्रीत मालकाच्या खात्यावर सुमारे साडेपाच हजार सातोशी जमा झाले असते. दुसऱ्या दिवशीही साधारण तेवढेच, तिसऱ्या दिवशीही. (एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी.) यंत्र तेच, वेग तोच, नशीबही तेच. मधे उभं असतं ते एक सॉफ्टवेअर. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या हजारो लोकांच्या मेहनतीचं ते मोजमाप करतं आणि मिळकतीची वाटणी शेवटच्या सातोशीपर्यंत लावतं. गेल्या पंधरा वर्षांत संगणकशास्त्रानं दिलेल्या नवलांमध्ये मी याला फार वरचं स्थान देतो. त्यामागचं गणित शाळकरी मुलालाही समजावता येतं, म्हणून तर अधिकच.

आधी खाणीत नेमकं काय खणतात ते पाहू. बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटांचं एक शीर्षक असतं. त्यात सहा गोष्टी असतात: आवृत्तीचा आकडा, आधीच्या ब्लॉकचा हॅश, या ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून निघालेला एक हॅश, वेळ, डिफिकल्टी (ब्लॉक सापडणं किती अवघड, त्याचं माप) आणि नॉन्स नावाचा चार बाइटांचा मोकळा आकडा. हे शीर्षक शा-२५६ या सूत्रातून दोनदा काढायचं आणि उत्तर, म्हणजे हॅश, ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं का ते बघायचं. नाही आलं, तर नॉन्स बदलून पुन्हा. सूत्र असं आहे की एक बिट बदलला तरी उत्तर पार वेगळं येतं, त्यामुळे अंदाज बांधायला, जवळपास पोचलो असं म्हणायला जागाच नाही. आधीच्या लाख कोटी प्रयत्नांचा पुढच्या प्रयत्नाला काडीचाही उपयोग होत नाही.

ज्याचं उत्तर मर्यादेखाली येतं, त्याला नवे बिटकॉइन मिळतात. २००९ साली एका ब्लॉकमागे ५० मिळत. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ साली ते निम्मे निम्मे होत आता ३.१२५ वर आले आहेत, शिवाय व्यवहारांचं शुल्क. सगळ्या जगात मिळून साधारण दर दहा मिनिटांना एक ब्लॉक निघावा, अशी डिफिकल्टी आपोआप वर-खाली होत राहते. दिवसाला १४४ ब्लॉक. जगभरची सगळी यंत्रं एवढ्यावरच भागवतात.

सुरुवातीला घरच्या संगणकावरही ब्लॉक सापडत. २०१० साली काहींनी ग्राफिक्स कार्डं जुंपली आणि साध्या संगणकवाल्यांच्या पदरी काही पडेना. त्याच वर्षाच्या अखेरीस चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पालाटिनुस या तरुण प्रोग्रॅमरनं, जाळ्यावरचं त्याचं नाव स्लश, जगातला पहिला सार्वजनिक पूल सुरू केला. डिसेंबर २०१० मध्ये त्या पूलला पहिला ब्लॉक मिळाला. स्लश पूल म्हणून तो वाढला आणि आज ब्राइन्स पूल या नावानं चालू आहे.

सगळ्यांनी मिळून खणायचं आणि आलेलं वाटून घ्यायचं, ही कल्पना जुनीच. अडचण मोजमापाची. तुमचं यंत्र दिवसभर चाललं, हे मी कशावरून मानायचं? तुम्ही यंत्र बंद ठेवून ‘खूप प्रयत्न केले, सापडलं नाही’ असं म्हणालात तर? फसलेला प्रयत्न कुठलीच खूण मागे ठेवत नाही.

औंधभोवतालच्या खटाव-माणमधल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर या प्रश्नाचं उत्तर रोज सकाळ-संध्याकाळ बघायला मिळतं. किटलीतलं सगळं दूध कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. थोडा नमुना घेतात, फॅट आणि एसएनएफ लागतं, पावती निघते, आणि त्या नमुन्यावरून अख्ख्या किटलीचा भाव ठरतो. पूलमधला ‘शेअर’ हा असाच नमुना असतो. पूल प्रत्येक सभासदाला सांगतो: नेटवर्कची मर्यादा फार खाली आहे, तुला ती गाठायला शतकं लागतील. मी तुझ्यापुरती मर्यादा पुष्कळ वर ठेवतो. तिच्याखाली उत्तर आलं की मला पाठव. हे उत्तर बिटकॉइनच्या दृष्टीनं वाया गेलेलं असतं, त्याचा ब्लॉक होत नाही. पण ते मिळवायला सरासरीनं किती प्रयत्न लागले असतील, ते गणितानं ठाऊक असतं. त्यामुळे असे शेअर मोजले की झालेली मेहनत मोजली जाते.

आकड्यांत बघू. डिफिकल्टी १ असेल तर एक शेअर मिळायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आपल्या ११० टेराहॅशच्या यंत्रानं दर दहा सेकंदांना एक शेअर पाठवावा असं वाटत असेल, तर त्याची डिफिकल्टी सुमारे २,५६,००० ठेवावी लागते. नेटवर्कची डिफिकल्टी २०२५च्या मध्यात होती १२६ लाख कोटींच्या आसपास. भागाकार केला तर कळतं, की असल्या सुमारे ४९ कोटी शेअरांतला एखादा शेअर नेटवर्कच्याही मर्यादेखाली जातो. तोच ब्लॉक.

यातला खरा विस्मयाचा भाग तपासणीत आहे. एक शेअर शोधायला यंत्राला ११०० लाख कोटी प्रयत्न करावे लागतात. तो खरा की खोटा हे बघायला सर्व्हरला तेच ८० बाइट घेऊन सूत्र एकदा लावावं लागतं. शोधणाऱ्याची मेहनत आणि तपासणाऱ्याची मेहनत यांत एवढी तफावत आहे, म्हणूनच हजारो यंत्रांचा हिशेब एक साधा संगणक ठेवू शकतो. आणि खोटा शेअर बनवण्याचा सोपा मार्ग नाही. शेअर मिळवायचा एकच मार्ग, खरी मेहनत.

म्हणूनच पूल औंधसारख्या गावातूनही चालवता येतो. वीज खाणारी, घरघरणारी यंत्रं सभासदांकडे, जगात कुठेही. पूल चालवणाऱ्याकडे लागतो एक बऱ्यापैकी सर्व्हर, त्यावर बिटकॉइनचा पूर्ण नोड, म्हणजे सगळे ब्लॉक साठवून तपासणारा प्रोग्रॅम (त्याला आज पाऊण टेराबाइटच्या आसपास जागा लागते), दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या, वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि सॉफ्टवेअर. अंतराचा प्रश्न वाटतो त्याहून लहान आहे. नव्या ब्लॉकची बातमी सभासदाच्या यंत्रापर्यंत अर्धा सेकंद उशिरा पोचली, तर दहा मिनिटांच्या सरासरीत नुकसान होतं ०.०८ टक्के. ते पूलच्या शुल्कात भागतं. सर्व्हर तासभर बंद पडला, तर मात्र सभासदांची यंत्रं आपणहून दुसऱ्या पूलकडे वळतात, कारण प्रत्येक यंत्रात पर्यायी पत्ते आधीच भरून ठेवलेले असतात.

सॉफ्टवेअर तयारही मिळतं. सीकेपूल हे त्यातलं नावाजलेलं. ते सी भाषेत लिहिलं आहे कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियन माणसानं. हा गृहस्थ पेशानं भूलतज्ज्ञ डॉक्टर. लिनक्सच्या गाभ्यात त्यानं वर्षानुवर्षं काम केलं, सीजीमायनर हे यंत्रांवर चालणारं सॉफ्टवेअरही त्याचंच. सीकेपूलचा स्रोत सगळ्यांना खुला आहे. तरीही अनेक पूलवाले स्वतःचं सॉफ्टवेअर लिहितात. वाटणीचा नियम आपल्या मनासारखा ठेवायचा, खातेवही आपल्याला हवी तशी ठेवायची आणि चूक झाली तर कुठे झाली ते स्वतःला ठाऊक असायचं, तर दुसऱ्याच्या कोडवर विसंबून चालत नाही.

असं सॉफ्टवेअर काय काय करतं, ते एका जोडणीत बघता येतं. सभासदाचं यंत्र सर्व्हरला जोडून घेतं. त्यांची बोलायची पद्धत स्ट्रॅटम नावाची, तीही स्लशनंच २०१२ साली रूढ केली. एकेक ओळ, साध्या मजकुरात. यंत्र म्हणतं: मला नोंदवून घ्या. सर्व्हर त्याला एक खास आकडा देतो, पूलमध्ये दुसऱ्या कुणाला न दिलेला. यंत्र आपलं नाव सांगतं, ते बहुधा बिटकॉइनचा पत्ताच असतो. सर्व्हर डिफिकल्टी कळवतो आणि मग काम पाठवतो: आधीच्या ब्लॉकचा हॅश, व्यवहारांच्या झाडाच्या फांद्या (सगळ्या व्यवहारांचा एकत्रित हॅश काढायला लागतात त्या) आणि पहिल्या, म्हणजे बक्षिसाच्या, व्यवहाराचे दोन तुकडे. त्या दोन तुकड्यांच्या मधे यंत्रानं आपला खास आकडा आणि आणखी एक बदलता आकडा घालायचा.

हा बदलता आकडा कशासाठी? नॉन्स चार बाइटांचा, म्हणजे त्यात ४२९ कोटी पर्याय. आपलं यंत्र ते सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या हिश्श्यात संपवतं. तेवढ्या वेळा सर्व्हरकडे नवं काम मागत बसलं तर इंटरनेट जोडणी गुदमरेल. म्हणून पहिल्या व्यवहारातच थोडी मोकळी जागा ठेवतात. ती बदलली की सगळ्या व्यवहारांचा एकत्रित हॅश बदलतो आणि नॉन्सची नवी ४२९ कोटींची रांग उघडते. स्ट्रॅटमच्या आधी पूलवाले खरोखरच दर वेळी नवं काम पाठवत होते. यंत्रं वेगवान झाली तेव्हा ती पद्धत टिकणं शक्यच नव्हतं.

त्याच पहिल्या व्यवहारात बक्षिसाचा पत्ता लिहिलेला असतो, आणि तो पूलचा असतो. इथे एका सुंदर गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. एखाद्या सभासदाला ब्लॉक सापडला आणि मोह झाला, की हा आपण परस्पर आपल्या नावावर लावू, तर ते जमत नाही. पत्ता बदलला की पहिला व्यवहार बदलतो, व्यवहारांचा हॅश बदलतो, शीर्षक बदलतं, आणि जे उत्तर मर्यादेखाली आलं होतं ते राहत नाही. पहारेकरी नाही, करार नाही, कोर्टकचेरी नाही. चोरी करायला हात लावला की माल नाहीसा होतो.

शेअर आला की सर्व्हर चार प्रश्न विचारतो. हे काम अजून चालू आहे का, की मधे नवा ब्लॉक आला? हाच शेअर आधी आला होता का? वेळेचा आकडा मर्यादेत आहे का? उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आहे का? चारही बरोबर, तर खात्यावर एक नोंद. आणि प्रत्येक शेअर नेटवर्कच्या मर्यादेलाही लावून पाहायचा. ४९ कोटींत एकदा उत्तर तिच्याही खाली आलं की बाकी सगळं बाजूला ठेवून पुरा ब्लॉक जोडायचा आणि त्याच क्षणी जगभर पाठवायचा. स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं सगळ्यात जास्त जपायची जागा ही. रोजच्या कामात तिची पाळी कधी येत नाही, त्यामुळे तिथली चूक महिनोनमहिने दडून राहते. म्हणून जाणकार मंडळी आधी चाचणी-नेटवर्कवर पूल चालवून कित्येक ब्लॉक काढून बघतात.

घाईचंही भान हवं. ४ जुलै २०१५ रोजी बिटकॉइनचा एक नवा नियम लागू झाला. एका लहान पूलनं जुन्या नियमानं ब्लॉक काढला आणि काही मोठ्या पूलनी, वेळ वाचवण्यासाठी, तो न तपासताच त्याच्यावर पुढचं काम सुरू केलं. एकूण सहा ब्लॉकची साखळी अशी चुकीच्या पायावर चढली आणि सगळी बाद झाली. प्रत्येक ब्लॉकमागे तेव्हा २५ बिटकॉइन होते.

आता वाटणी. स्लशच्या पहिल्या कल्पनेत सरळ प्रमाण होतं: ब्लॉक मिळाला की त्या फेरीतल्या, म्हणजे आधीच्या ब्लॉकनंतर आलेल्या, शेअरांच्या प्रमाणात पैसे. दिसायला न्याय्य. पण २०११ साली लक्षात आलं की यात भोक आहे. फेरी लवकर संपली तर बक्षीस थोड्या शेअरांत वाटलं जातं, फेरी लांबली की तोच शेअर स्वस्त होतो. म्हणून हुशार लोक प्रत्येक पूलमध्ये फक्त सुरुवातीला खणायचे आणि डिफिकल्टीच्या ४३.५ टक्के शेअर झाले की दुसरीकडे उडी मारायचे. निष्ठेनं शेवटपर्यंत थांबणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. इस्रायलच्या मेनी रोझेनफेल्ड या गणितज्ञानं त्याच वर्षी सगळ्या पद्धतींचं विश्लेषण लिहून काढलं, आणि आजही पूल लिहिणारा माणूस ते वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

त्यातून टिकल्या दोन पद्धती. पीपीएलएनएसमध्ये फेरीचा विचारच सोडून देतात. ब्लॉक मिळाला की त्याआधीचे शेवटचे ठरावीक शेअर मोजायचे, ते कुठल्याही फेरीतले असोत. उडी मारण्यात फायदा उरत नाही. पीपीएसमध्ये पूल म्हणतो: ब्लॉक मिळो न मिळो, प्रत्येक शेअरचा ठरलेला भाव मी देणार. सभासदाला निर्धास्तपणा, जोखीम सगळी पूलच्या माथी. ती किती? दिवसाला सरासरी एक ब्लॉक काढणारा पूल घ्या. कुठल्याही तीन दिवसांत एकही ब्लॉक न मिळण्याची शक्यता ५ टक्के आहे. बिटकॉइन ९० लाख रुपयांना धरला, तर त्या तीन दिवसांत पूलवाल्याला पदरचे जवळजवळ साडेआठ कोटी द्यावे लागतील. औंधमधून पीपीएस पूल चालवणं म्हणूनच कुणा एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. पीपीएलएनएस आहे, कारण तिथे पूलवाल्याला स्वतःचं भांडवल लागत नाही.

खातेवही लिहिताना एक पथ्य कसोशीनं पाळायचं: दशांश चिन्ह कुठेही येता कामा नये. सगळं पूर्ण सातोशींत. समजा, ३.१२५ बिटकॉइन, म्हणजे ३१,२५,००,००० सातोशी, तीन सभासदांत ७, ११ आणि १३ अशा शेअरांनी वाटायचे आहेत. पहिल्याला ७,०५,६४,५१६, दुसऱ्याला ११,०८,८७,०९६, तिसऱ्याला १३,१०,४८,३८७. बेरीज करा: एक सातोशी उरतो. वरच्या भावानं त्याची किंमत ९ पैसे. चांगलं सॉफ्टवेअर तो सातोशी पुढच्या वाटणीत ओढून घेतं आणि तशी नोंद ठेवतं. दशांशात केलेल्या हिशेबात तो कुठेतरी हरवतो, किंवा नसलेला एक सातोशी देणं निघतो. हजारो सभासद आणि शेकडो वाटण्या झाल्या की खातं जुळेनासं होतं आणि का जुळत नाही ते सांगता येत नाही. शिवाय नियमानं ब्लॉकचं बक्षीस पुढचे १०० ब्लॉक होईपर्यंत, म्हणजे साधारण सतरा तास, खर्च करता येत नाही. तोवर देणं नोंदवायचं पण द्यायचं नाही. तेवढ्यात तो ब्लॉक बाद झाला तर नोंद उलटवायची.

सॉफ्टवेअरला न पकडता येणारी एक लबाडी मात्र आहे. सभासद सगळे शेअर इमानदारीनं पाठवतो, फक्त ब्लॉक ठरणारा शेअर टाकून देतो. त्याला स्वतःला त्याचा काही उपयोग नाही, पण पूल बुडतो. २०१४ साली एलिजियस या जुन्या पूलला असल्याच प्रकारात सुमारे ३०० बिटकॉइनचा फटका बसला. उपाय फक्त संख्याशास्त्राचा: कुणाकडून इतके शेअर आले, त्यांत इतके ब्लॉक निघायला हवे होते, निघाले किती? लहान सभासदाबाबत तर तो हिशेब काहीच सांगू शकत नाही. आपल्या ११० टेराहॅशच्या यंत्राला दीडशे वर्षं ब्लॉक मिळाला नाही, तरी त्याच्यावर संशय घेता येत नाही.

औंधात यंत्रंही ठेवावीत का, हा प्रश्न कुणीही विचारेल. ११० टेराहॅशचं यंत्र ३२५० वॉट ओढतं, दिवसाला ७८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर ७८० रुपयांची वीज, आणि वर सांगितलेले साडेपाच हजार सातोशी ९० लाखांच्या भावानं होतात ४९५ रुपये. म्हणजे रोजचा तोटा २८५ रुपये, यंत्राची किंमत वेगळी. २०२२च्या अर्थसंकल्पापासून अशा मिळकतीवर ३० टक्के कर आहे, आणि खाणकामाच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा मिळत नाही. सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प आहे, पण तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, जिल्ह्याला वेगळ्या भावानं मिळत नाही. दिवसाला सरासरी एक ब्लॉक काढायचा, तर अशी सुमारे ५६,८०० यंत्रं लागतील आणि ती १८५ मेगावॅट खातील, कोयनेच्या जवळजवळ दहावा हिस्सा. दुष्काळी माण-खटावात पाण्याच्या मोटारी रात्री-अपरात्री चालवाव्या लागत असताना ती वीज या कामाला लावावी, असं मला मुळीच वाटत नाही. भूतानसारख्या देशाकडे पावसाळ्यात जास्तीची जलविद्युत असते, तिथे सरकारी कंपनीच हे काम करते. तिथलं गणित निराळं.

महाराष्ट्रात बिटकॉइनचं खाणकाम अनेकांच्या कानावर पडलं ते दुर्दैवानं एका फसवणुकीच्या खटल्यातून. अमित भारद्वाज यानं २०१५च्या सुमारास सुरू केलेल्या गेनबिटकॉइन योजनेत लोकांनी बिटकॉइन गुंतवायचे, त्यांच्या वतीनं खाणकाम होणार आणि दरमहा १० टक्के, असं १८ महिने परत मिळणार, असं आश्वासन होतं. पुढे परतफेड बिटकॉइनऐवजी योजनेच्या स्वतःच्या टोकनमध्ये होऊ लागली. पुण्यात गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं पुणे, नांदेड, कोल्हापूरसह देशात साठाहून अधिक ठिकाणी छापे टाकले. फसवणुकीचा आकडा तपास यंत्रणा ६,६०० कोटी रुपये सांगतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या मंडळींचा जीबीमायनर्स नावाचा पूल खरोखर चालत होता. २०१६-१७च्या काळातल्या ब्लॉकांच्या पहिल्या व्यवहारात ‘माइन्ड बाय जीबीमायनर्स’ ही खूण आजही कुणालाही वाचता येते, आणि ती खोटी नाही. पण गुंतवणूकदार त्या पूलचा सभासद नव्हता. त्याच्याकडे यंत्र नव्हतं, त्यानं एकही शेअर पाठवला नव्हता, त्यामुळे मोजण्यासारखंही काही नव्हतं. त्याच्या हाती होता नुसता शब्द. खऱ्या पूलमध्ये दहा टक्के दरमहा असं कुणी सांगूच शकत नाही, कारण डिफिकल्टी वाढते, भाव हलतो आणि मिळकत आज किती आहे हे सभासद स्वतः गुणाकार करून काढतो. माझे शेअर कुठे दिसतात, एवढा एक प्रश्न नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या बैठकीत कुणी विचारला असता, तर समोरच्याला उत्तर देता आलं नसतं. हे मराठीत, साध्या भाषेत वेळेवर लिहिलं गेलं नाही याची मला खरंच खंत वाटते.

खऱ्या पूलमध्येही एका जागी विश्वास ठेवावाच लागतो. शेअरांची मोजदाद तपासता येते, पण बक्षीस आधी पूलच्या पत्त्यावर येतं आणि तिथून वाटलं जातं. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत याच जातीच्या प्रश्नावर उभी राहिली होती: भिंत नाही, कुलूप नाही, माणसाच्या शब्दावर भरवसा. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे तीच वसाहत आहे. तिथे माणसं रोज एकमेकांसमोर होती, एकत्र जेवत होती. पूलमधल्या अनोळखी माणसांना तो आधार नसतो.

दुसरा प्रश्न सत्तेचा. ब्लॉकमध्ये कुठले व्यवहार घ्यायचे ते पूल ठरवतो, सभासद नुसते हॅश करतात. जून २०१४ मध्ये जीहॅश हा पूल एकट्याच्या बळावर नेटवर्कच्या निम्म्या जोरापर्यंत जाऊन पोचला. निम्म्याहून जास्त जोर हाती असलेला माणूस ताजे व्यवहार उलटवू शकतो. सभासदांनी आपली यंत्रं काढून घेतली, जीहॅशनं पुढच्या महिन्यात ४० टक्क्यांच्या आत राहण्याचं जाहीर केलं, तेव्हा ते निवळलं. आजही फाउंड्री, अँटपूल, व्हायाबीटीसी, एफटूपूल अशा मोजक्या नावांकडे जगाचा बहुतेक जोर एकवटलेला आहे. स्ट्रॅटमच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणून सभासदाला स्वतःचा ब्लॉक स्वतः मांडायची सोय दिली आहे. पूलनं मोजायचं आणि वाटायचं, ठरवायचं ज्यानं त्यानं. जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या मदतीनं स्वराज्याची घटना दिली, तेव्हा कारभाराचा पाया गावपंचायतींवर ठेवला होता. सातारा, सांगली आणि विजापूरकडे विखुरलेल्या सत्तरेक गावांचं ते संस्थान. निर्णय जिथे काम होतं तिथे असावा, हा विचार या मातीला परका नाही.

आणि पूलवालाच नको, असा मार्गही निघाला आहे. २०११ साली फॉरेस्ट व्हॉइट यानं पी-टू-पूल लिहिलं. यात सर्व्हर नाही. सभासदांचे शेअर हीच एक छोटी साखळी बनते, ती प्रत्येकाकडे असते आणि प्रत्येक जण तपासतो. ब्लॉक सापडला की त्याच्या पहिल्याच व्यवहारात सगळ्या सभासदांचे पत्ते आणि वाटे लिहिलेले असतात, पैसा मधे कुणाच्या हाती थांबत नाही. बिटकॉइनमध्ये ती पद्धत मोठ्या पूलपुढे मागे पडली. लहान सभासदांचे बारीक वाटे ही त्यातली एक अडचण. पण मोनेरो या दुसऱ्या चलनात २०२१ साली ती नव्यानं लिहिली गेली आणि उत्तम चालते. मोनेरोचं सूत्र मुद्दाम असं केलेलं आहे की साधा प्रोसेसरच त्यात चांगला चालावा, खास यंत्रांना फायदा मिळू नये. तिथल्या पी-टू-पूलमध्ये दर दहा सेकंदांना एक शेअर साखळीत जातो, शुल्क शून्य आहे, सगळा स्रोत खुला आहे. घरच्या ज्या संगणकाचा प्रोसेसर ६५ वॉट घेतो, त्यावर हे चालवलं, तर एकटा प्रोसेसर दिवसाला सुमारे दीड युनिट वीज घेतो. मिळकत नाममात्र. पण संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना शेअर कसा सापडतो, कसा तपासला जातो, वाटा कसा लिहिला जातो, हे पडद्यावर ओळीओळीनं बघायला मिळतं. औंधच्या शाळेतल्या संगणकावरही एखाद्या सुट्टीच्या दिवशी ते चालवून बघता येईल.